उसाची ट्रॉली मागून 'शेपूट' का हलवते? लोड भरताना नेमकं काय चुकतं?

साखर हंगाम सुरू झाला की उचगावच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. गाव पुणे-बंगळूर महामार्ग आणि कोल्हापूर-हुपरी रस्त्याला लागून. एका बाजूला कसबा बावड्याचा 'राजाराम', दुसऱ्या बाजूला हुपरीचा 'जवाहर' कारखाना. त्यामुळे एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या हे इथलं रोजचंच चित्र.

पण कधी मागची ट्रॉली डावी-उजवीकडे झुलताना पाहिलीय? हे झुलणं सुरू झालं की मागच्या दुचाकीस्वाराचा जीव टांगणीला लागतो. असं का होतं, ते समजून घेऊ.

वजन कुठं आहे, यावर सगळं ठरतं

दोन चाकी ट्रॉलीचं गणित तराजूसारखं असतं. चाकांच्या मागं जास्त माल पडला, तर ट्रॉलीचं तोंड वर उचललं जातं. हूक वर ओढला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉली शेपूट हलवायला लागते.

म्हणून लहान दोन चाकी ट्रेलरसाठी एक ठोकताळा वापरतात. साधारण ६० टक्के माल चाकांच्या पुढं, ४० टक्के मागं. एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर.

मग सगळाच माल पुढं भरायचा का? तर नाही. हुकावर फार भार आला की चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग काम करत नाही.

चार चाकी ट्रॉलीत हुकावर भार कमी येतो. तिथला धोका वेगळा. ऊस उंच रचला की वजनाचा मध्य वर सरकतो आणि वळणावर किंवा खड्ड्यात ट्रॉली कलंडते. शिवाय डबल ट्रॉलीत पुढचा छोटा हेलकावा मागच्या ट्रॉलीपर्यंत पोहोचताना मोठा होतो.

वेग थोडा, फरक मोठा

ताशी २० वरून ३० किलोमीटरवर गेलं, की थांबवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. त्यात अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर.

निघण्यापूर्वी काय तपासायचं?

- ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल एकत्र लॉक करा. शेतात ते वेगळे ठेवतात, पण रस्त्यावर एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो.
- हुकाची पिन आणि तिची क्लिप बघा. जोडीला साखळी लावा.
- चाकांतली हवा दोन्ही बाजूंना सारखी हवी.
- मोळ्या दोरखंडानं आवळा. बाहेर लोंबणारा ऊस नको.
- मागं लाल रिफ्लेक्टर आणि दिवे हवेतच. अंधारात बंद पडलेली ट्रॉली दुचाकीस्वाराला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

झुलायला लागलीच तर?

जोरात ब्रेक मारू नका, वेगही वाढवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, आधीच खालचा गिअर टाका.

आणि दंड?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे. एका खेपेत चार मोळ्या जास्त नेऊन वाचणारं डिझेल त्यापुढं काहीच नाही. आणि कुणाचा जीव गेला, तर तो कुठल्याच दंडानं भरून येत नाही.