पायांची अस्वस्थता आणि तिचे अल्पखर्ची उपाय

काही दुखणी अशी असतात, की ती सांगताना रोग्यालाच संकोच वाटतो. दिवसभर राबून माणूस रात्री अंथरुणाला पाठ टेकतो आणि पाचदहा मिनिटांत त्याच्या पोटऱ्यांतून काहीतरी सरपटू लागते. ठणका म्हणावा तर तो ठणका नव्हे, मुंग्या म्हणाव्यात तर त्या मुंग्याही नव्हेत. आतून कोणी ओढ काढल्यासारखे होते आणि पाय हलविल्यावाचून राहवत नाही. हलविला की बरे वाटते, स्थिर ठेवला की पुन्हा सुरू. शेवटी तो उठतो, ओटीवर येरझारा घालतो, थंड फरशीवर उभा राहतो आणि पहाटे केव्हातरी त्याचा डोळा लागतो. सकाळी घरच्यांनी विचारले तर सांगणार काय? 'पाय वळवळतात' हे काय सांगण्यासारखे दुखणे झाले? बसल्याबसल्या पाय हलविणाऱ्या मुलाला 'अवलक्षण आहे ते' म्हणून दटावणारे आपण लोक. या दुखण्याला रोग मानायला आपण सहजी तयार होत नाही.

वैद्यकाला मात्र ते जुने ठाऊक आहे. इंग्लंडातील थॉमस विलिस या वैद्याने १६७२ साली त्याचे वर्णन करून ठेवले. पुढे पावणेतीनशे वर्षांनी, १९४५ साली, स्वीडनचे कार्ल-ॲक्सेल एकबॉम यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि 'रेस्टलेस लेग्ज' हे नाव रूढ झाले. त्याची ओळख पटविण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. चार गोष्टी विचारल्या की पुरते. पाय हलविण्याची अनावर ओढ लागते काय? ती स्वस्थ बसल्या-निजल्यावर वाढते काय? चालल्याने, ताणल्याने निवते काय? आणि दिवसापेक्षा संध्याकाळी व रात्री अधिक होते काय? चारही उत्तरे 'होय' आली आणि तसेच दिसणारे दुसरे कारण नसले, तर निदान बहुधा झालेच. पोटरीत गोळा येतो तो निराळा, त्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो. मधुमेह्याच्या तळपायांची आग चालल्याने थांबत नाही. हा भेद रोग्याने नीट सांगितला नाही, म्हणजे कमरेचा एम.आर.आय., शिरांची सोनोग्राफी, कॅल्शियमच्या बाटल्या असा खर्चाचा फेरा सुरू होतो आणि पाय जिथल्या तिथेच राहतात. ज्याच्या घरी महिन्याचा हिशेब मोजूनमापून चालतो, त्याने हे चार प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावेत. पैसे वाचविण्याची ही पहिली युक्ती.

आता कारणाकडे वळू. मेंदूत डोपामीन नावाचे एक द्रव्य हालचालींचे नियमन करते आणि ते तयार होताना लोहाची गरज लागते. या विकारात मेंदूच्या काही भागांत लोह कमी पडते, असे संशोधनात दिसून आले आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पाय का वळवळतात, मूत्रपिंड निकामी झालेल्यांना हा त्रास इतका का होतो, याचा थोडाबहुत उलगडा यावरून होतो. पुष्कळ घराण्यांत तो आईकडून लेकीकडे, बापाकडून मुलाकडे आलेलाही आढळतो. तेथे दोष कोणाचाच नसतो.

आणि येथेच आमच्या विषयातील कळीचा मुद्दा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्राचा आकडाही ५४ च्या घरात होता. ज्या देशात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी, तेथे पायांच्या वळवळीवर महागडी गोळी लिहून देण्यापूर्वी लोहाची चौकशी व्हायला नको काय? पण होते असे, की हिमोग्लोबिन तपासले जाते, ते बारा भरते, आणि 'रक्त चांगले आहे' म्हणून विषय मिटतो. हिमोग्लोबिन हे दुकानात मांडलेल्या मालासारखे आहे. कोठार रिकामे होत आले तरी दुकान काही दिवस भरलेले दिसते. कोठार पाहायचे तर फेरिटिनची तपासणी करावी लागते. तीतही एक फसगत आहे. अनेक प्रयोगशाळांच्या कागदावर स्त्रियांसाठी १०-१५ पासून पुढचा आकडा 'सामान्य' म्हणून छापलेला असतो. या विकारासाठी मात्र तज्ज्ञांनी रेषा ७५ वर ओढली आहे. प्रौढ माणसाचे फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल, तर लोह देऊन पाहावे असे ते सांगतात. म्हणजे २० आकडा आलेली बाई कागदावर निरोगी आणि रात्री ओटीवर फेऱ्या घालणारी! तपासणी सकाळी करावी, आदल्या दिवशी लोहाची गोळी घेऊ नये, आणि अंगात ताप किंवा सूज असताना करू नये. त्या वेळी आकडा फुगून येतो. ही तपासणी फुकट नाही, हे खरे. पण एकदाच खर्च करायचा तर तो येथे करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लोह कमी निघाले तर उपाय स्वस्तातला आहे. लोहाची साधी गोळी बाजारात अल्प किमतीत मिळते, आणि सरकारी आरोग्यकेंद्रांतून गरोदर व स्तनदा स्त्रियांना ती मोफत दिली जाते. मात्र ती घेण्याची रीत चुकली तर गोळी पोटात जाऊनही अंगी लागत नाही. चहाबरोबर ती कधीच घेऊ नये. चहातील तुरट द्रव्ये लोहाला अडवून धरतात. दुधाबरोबरही नको. लिंबाच्या पाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घेतल्यास लोह चांगले शोषले जाते. गोळी एका दिवसाआड घेतल्यास प्रत्येक गोळीतले लोह अधिक शोषले जाते, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे; पोट बिघडणाऱ्यांना ही सवलत मोठीच म्हणायची. शौचास काळे होते, त्याने घाबरू नये. गुण यायला आठवडे, कधी महिनेही लागतात, आणि सुमारे तीन महिन्यांनी आकडा पुन्हा पाहावा. अळिवाचे लाडू, पालेभाज्या, लोखंडी कढईतली आमटी ही सारी उत्तम. पण रिकामे कोठार केवळ आहाराने भरायला फार काळ लागतो, म्हणून गोळीची जागा लाडवाला देऊ नये. उलट, तपासणीवाचून वर्षानुवर्षे लोह खाणेही बरे नव्हे; ते अंगात साठून यकृताला इजा करू शकते. लहान मुलांनी या गोळ्या मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतते, तेव्हा डबा उंच फळीवर असावा. आणखी एक. लोह कमी का झाले, हे विचारले पाहिजे. मासिक स्राव फार जातो काय, मूळव्याध आहे काय, पोटात कृमी आहेत काय? साठीच्या पुरुषाचे लोह कमी निघाले तर आतड्यातून रक्त जात नाही ना, हे पाहिल्याशिवाय स्वस्थ बसू नये.

लोहाइतकाच स्वस्त, किंबहुना खर्च कमी करणारा, दुसरा उपाय म्हणजे त्रास वाढविणारी औषधे ओळखणे. सर्दीवरच्या कित्येक गोळ्यांत असणारे क्लोरफेनिरामिन, ओकारीवरचे मेटोक्लोप्रामाइड, खिन्नतेवरची बरीच औषधे यांनी ही वळवळ वाढते. झोप येत नाही म्हणून दुकानातून सर्दीची गुंगी आणणारी गोळी आणावी आणि तिनेच पाय अधिक नाचावेत, असा उलटा प्रकार घडतो. खिन्नतेचे औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारून बदलता येते का पाहावे. संध्याकाळचा चहा-कॉफी आणि मद्य सोडून पाहावे. चहाविषयीचा पुरावा तितकासा भक्कम नाही, पण दोन आठवड्यांच्या प्रयोगाला पदरचे काही लागत नाही, हाही विचार करावा.

घरगुती उपायांना आम्ही नाक मुरडत नाही. निजण्यापूर्वी कोमट पाण्यात पाय बुडवावेत, पोटऱ्या ताणाव्यात, तेल लावून रगडाव्यात. काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची आपली रीत किंवा नातवाकडून पाय तुडवून घेण्याची आजोबांची हौस, यांनी मूळ रोग जात नाही, पण घटकाभर आराम पडतो आणि त्या घटकेत डोळा लागला तर तेवढे पदरात पडले. रोज बेताचा व्यायाम करावा. रात्री उशिरा दमछाक करून घेऊ नये, तिने त्रास वाढतो. मन गुंतले की पाय शांत राहतात, हा अनेकांचा अनुभव आहे. म्हणून रात्रीच्या प्रवासात किंवा कीर्तनात बसताना कडेची जागा घ्यावी आणि हाताला विणकाम, शब्दकोडे असे काही असू द्यावे. वळवळ पहाटे उतरते. ज्याला कामाच्या वेळा सांभाळून उशिरा निजून उशिरा उठणे शक्य असेल त्याने तसे करावे. गिरणीच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्याला हा सल्ला देणे म्हणजे थट्टाच, हे आम्ही जाणतो.

एवढ्याने भागले नाही तर औषध घ्यावेच लागते. रात्रीमागून रात्री जागून काढण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. पण कोणते औषध? प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल या गोळ्या फार वर्षे प्रथम दिल्या जात. पहिले काही महिने त्या जादूसारखे काम करतात. पुढे अनेकांना त्रास रात्रीऐवजी दुपारीच सुरू होतो, हातांतही शिरतो, आणि मात्रा वाढवावी तसा तो वाढत जातो. काहींना जुगाराचा किंवा वायफळ खरेदीचा नाद लागतो. या कारणांनी अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०२५ साली त्या सरसकट वापरू नयेत असे सुचविले आणि गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन यांना पुढची जागा दिली. यांनी गुंगी व भोवळ येते. वृद्धांनी आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांनी विशेष जपावे. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. त्याच द्रव्याच्या नाममुद्रेच्या व साध्या गोळीच्या किमतींत पुष्कळ अंतर असते. पैसे अपुरे पडतात हे डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही. न सांगता गोळी अर्धी करणे, किंवा शेजारणीची उरलेली घेणे, हेच घातक. विशेषतः प्रामिपेक्सोलसारखी गोळी चालू असलेल्याने ती संपण्याची वाट पाहू नये. एकाएकी बंद झाली तर पाय पूर्वीपेक्षा दुप्पट उसळून उठतात. म्हणून आठवडाभर आधीच जाऊन ती हळूहळू कशी उतरवायची, हे विचारून यावे.