दिवसाचे ऊन, रात्रीचा दिवा

२०२१ सालच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले. आपल्या वसई भागात झाडे पडली, विजेच्या तारा तुटल्या. नंदाखालला आम्ही अंधारात बसलो. पंखा नाही, दिवा नाही, मोबाइलही बंद.

मग मी घाईघाईने एक सौर पॅनेल आणले. जोडीला मोटारीची जुनी बॅटरी घेतली. सात महिन्यांत बॅटरी मेली. दोष माझाच. जन्मभर मुलांना गणित शिकवले आणि स्वतःच्या घरी हिशोब न करताच खरेदी केली! तो हिशोब आता तुमच्यापुढे मांडतो.

पूर्वी आपल्या वाडीत विहिरीवर रहाट असे. रहाट पाणी वर काढी. ते टाकीत साठे. टाकीतून पाटाने केळींना जाई. इथेही तसेच आहे बघा. पॅनेल म्हणजे रहाट. बॅटरी म्हणजे टाकी. दिवे-पंखे म्हणजे आपल्या केळी. पॅनेल आणि बॅटरी यांच्या मध्ये एक लहान पेटी असते. तिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. टाकी भरून वाहू नये हे ती पाहते. दुसरी पेटी इन्व्हर्टर. बॅटरीची वीज १२ व्होल्टची असते, ती घरातल्या २३० व्होल्टची करणे हे तिचे काम.

लोक आधी पॅनेल विचारतात. आधी केळी मोजा! किती केळींना पाणी हवे ते कळले, म्हणजे टाकी केवढी हवी ते कळते.

दिव्यावर, पंख्यावर वॅटचा आकडा छापलेला असतो. त्याला तासांनी गुणा. ९ वॅटचे ४ दिवे ५ तास लावले, तर १८० वॅट-तास. कमी वीज खाणारे ३० वॅटचे २ पंखे ८ तास, म्हणजे ४८०. मोबाइलला ४० धरा. एकूण ७००. बिलावरचे एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. तेव्हा आपली गरज पाऊण युनिटाहूनही कमी झाली. इन्व्हर्टर आणि तारा यांतही थोडी वीज जाते. म्हणून ९०० धरा.

आता बॅटरी. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. १२ गुणिले १५० म्हणजे १८००. पण शिशाची बॅटरी निम्मीच उपसावी. पार तळ गाठला तर ती लवकर मरते. १८०० चे निम्मे ९००. जमले की नाही गणित? मोटारीची बॅटरी मात्र इथे नको. ती क्षणभर जोर लावून इंजिन सुरू करण्यासाठी असते. तिच्या आतल्या पट्ट्या पातळ. रोजचा उपसा तिला सोसत नाही. लिथियमची बॅटरी जास्त उपसली तरी टिकते, पण ती महाग पडते.

शेवटी पॅनेल. बॅटरीतून ९०० काढायचे, तर तिच्यात ११०० तरी घालावे लागतात. आपल्याकडे दिवसाला कडक ऊन सुमारे ५ तास धरावे. ११०० भागिले ५, म्हणजे २२० वॅट. धूळ आणि उष्णता यांची घट धरून ३०० वॅट घ्या, म्हणजे १५० वॅटची, १२ व्होल्टची दोन पॅनेल. तोंड दक्षिणेला. उतार तीन फुटांना एक फूट. पावसाळ्यात आभाळ भरले की निम्मी वीजही मिळत नाही. तेव्हा एक पंखा बंद ठेवा. महावितरणच्या विजेवरही बॅटरी भरणारा इन्व्हर्टर घेतला तर उत्तम.

माडाची सावली विसरू नका. पॅनेलमधले घर एकाला एक साखळीसारखे जोडलेले असते. एका झावळीची सावली पडली तरी पुष्कळ वीज घटते. समुद्र जवळ म्हणून खारा वारा लागतो. तेव्हा खिळे-बोल्ट गंजणारे नकोत.

विहिरीचा पंप यावर लावू नका हो! एक अश्वशक्तीचा पंप ७४६ वॅटचा, आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट वीज ओढतो.

शेजारीण विचारते, "मास्तर, सरकारी योजनेतले पॅनेल बसवले की वीज गेली तरी दिवा लागेल ना?" नाही, बाई. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतली पॅनेल महावितरणच्या तारेला जोडतात. बिल कमी होते, हा मोठा लाभ. पण बॅटरी नसेल, तर तारेतली वीज गेली की तीही थांबतात. ते मुद्दामच तसे केलेले असते. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून उलट गेलेली वीज मारून टाकील. म्हणून घराच्या तारांची जोडणी जाणत्या, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. इन्व्हर्टरची वीज स्वतः मीटरच्या तारांत घुसवू नका.

बॅटरीजवळ फ्यूज हवाच. आधी कंट्रोलरला बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. बॅटरी भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून ती हवेशीर जागी ठेवा, जवळ चूल, विडी, उदबत्ती नको. आत जळजळीत आम्ल असते. मुलांचा हात पोचू देऊ नका. महिन्यातून एकदा पाण्याची पातळी बघा. कमी असेल तर दुकानातले डिस्टिल्ड वॉटरच घाला. विहिरीचे पाणी तिला चालत नाही. त्यातल्या क्षारांनी पट्ट्या खराब होतात.