कोल्हापूरचा कॅमेरा आणि थांबणारी पट्टी

खोक्याच्या एका बाजूला सुईने भोक पाडले आणि समोरच्या बाजूला तेल लावलेला कागद चिकटवला की सूचिछिद्र कॅमेरा तयार होतो. आठवी-नववीच्या बहुतेक वर्गांनी तो कधी ना कधी केलेला असतो. भोकाच्या जागी भिंग आणि कागदाच्या जागी फिल्म ठेवली की तोच फोटोचा कॅमेरा होतो. हौशी सुतार तो चार-आठ दिवसांत करून देईल. सिनेमाचा कॅमेरा मात्र इतक्या सहजासहजी होत नाही. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोल्हापुरातल्या दोघा भावांनी तो आपल्या हातांनी करायला घेतला, आणि कॅमेरा पुरा झाला तेव्हा त्यांपैकी एकच भाऊ हयात होता. या कामात एवढे अवघड काय होते?

हे दोघे म्हणजे आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर. बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. जन्म १८९० चा. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात दोघांचा हातखंडा होता आणि त्यावरूनच ‘पेंटर’ हे नाव त्यांना चिकटले. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना सिनेमाचे वेड लागले. आधी त्यांनी चित्रपट दाखवण्याचा धंदा केला आणि त्याच काळात स्वतःचा कॅमेरा जुळवायला सुरुवात केली. फाळक्यांनी आपला विल्यमसन कॅमेरा १९१२ मध्ये लंडनहून आणला होता. कोल्हापूरकरांनी निराळा रस्ता धरला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन काम पुढे चालू ठेवले आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालता झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला.

चित्रपट दाखवण्याचा तो धंदा इथे महत्त्वाचा ठरला, असे मला वाटते. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच यंत्राची दोन रूपे आहेत. कॅमेऱ्यात उजेड बाहेरून आत येतो, प्रोजेक्टरमध्ये आतून बाहेर जातो. बाकी पट्टी ओढणे, थांबवणे, झाकणे हे सारे तेच. लुमिएर बंधूंचे १८९५ चे यंत्र तर दोन्ही कामे करत असे. प्रोजेक्टर रोज उघडून पुसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर कॅमेऱ्याचा निम्मा आराखडा आयताच असतो.

आता पट्टीकडे वळू. सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या दोन्ही कडांना भोकांची रांग असते. दर चार भोकांना एक चित्र, म्हणजे एका चित्रासाठी पट्टीची सुमारे १९ मिलिमीटर लांबी लागते. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. हँडलचे सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ चित्रे, म्हणजे सेकंदाला सोळा चित्रे. (वर्गात मुलांना मनगट फिरवून बरोबर सेकंदाला दोन फेरे दोन मिनिटे टिकवायला सांगा. कॅमेरामन हे काम नट, ऊन आणि दिग्दर्शक सांभाळत करत असे!)

पट्टी सारखी सरकत राहिली तर चित्र उमटणार नाही, नुसते फराटे उमटतील. म्हणून प्रत्येक चित्राच्या वेळी ती पूर्ण थांबली पाहिजे, उजेड घेतला पाहिजे, मग अंधारात १९ मिलिमीटर पुढे जाऊन पुन्हा थांबली पाहिजे. एका चित्राला १/१६ सेकंद मिळतो. त्यातला निम्मा वेळ थांबण्याचा आणि निम्मा सरकण्याचा धरला, तर सरकायला १/३२ सेकंद उरतो. गतीची समीकरणे शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. पहिल्या १/६४ सेकंदात पट्टी स्थिर अवस्थेपासून ९.५ मिलिमीटर जाते आणि पुढच्या १/६४ सेकंदात तेवढेच अंतर जाऊन थांबते असे समजा. s = ½at² वरून त्वरण सेकंदाला सेकंदाला सुमारे ७८ मीटर येते. हे गुरुत्वत्वरणाच्या आठपट झाले, आणि असा झटका पातळ पट्टीच्या चार-दोन भोकांच्या कडांना सेकंदाला सोळा वेळा सोसायचा आहे. भोक किंचित फाटले की पुढचे सगळे बिघडले.

हे काम त्या काळच्या कॅमेऱ्यांत बहुधा एक नखी करत असे. नखी भोकात शिरते, पट्टी खाली ओढते, बाहेर निघते, रिकामीच वर जाते आणि पुन्हा आत शिरते. तिची चाल चौकोनी असते. ही चाल पाहायला जुना कॅमेरा शोधत हिंडायला नको. घरातल्या शिलाई मशीनचे कापड काढून ठेवा, चाक हाताने सावकाश फिरवा आणि सुईखालच्या बारीक दातेरी पट्ट्यांकडे पाहा. दाते वर येतात, मागे जातात, खाली बुडतात, पुढे येतात. सुई कापडात असताना कापड थांबलेले, सुई वर गेली की सरकणारे. लुमिएर बंधूंना आपल्या यंत्राची कल्पना शिलाई मशीनवरूनच सुचली होती. आनंदराव-बाबूरावांच्या घरी मशीन होते की नाही कोण जाणे, पण वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ते असेल.

सुईचे काम कॅमेऱ्यात शटर करते. शटर म्हणजे एक फिरती चकती, तिचा साधारण अर्धा भाग कापलेला. नखी पट्टी ओढत असताना चकतीचा शाबूत भाग भिंगामागे आला पाहिजे, म्हणून दोघांची चाके दातांनी एकमेकांत अडकवलेली असतात. एखादा दात मागेपुढे बसला की पांढऱ्या वस्तूंना वर-खाली शेपटे फुटतात.

एवढे सगळे जमवणाऱ्याची खरी परीक्षा अजून पुढेच आहे. पट्टीवरचे चित्र सुमारे २४ मिलिमीटर रुंद असते. ते ६ मीटर रुंदीच्या पडद्यावर टाकले की २५० पट मोठे होते. नखीने पट्टी एखाद्या वेळी ०.१ मिलिमीटर जास्त ओढली, तर पडद्यावरचे चित्र २५ मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ इंचभर उडी मारते. ०.१ मिलिमीटर म्हणजे वहीच्या कागदाची जाडी. कानस आणि हात यांच्या बळावर पितळेत एवढा नेमकेपणा आणायचा, तोही महायुद्धाच्या दिवसांत आणि घरच्या कामाच्या जागी! कॅमेऱ्याला वर्षे का लागली, याचे उत्तर मला या एका आकड्यात दिसते. शिवाय चूक ताबडतोब कळत नाही. फिल्म धुऊन, तिची प्रत काढून, पडद्यावर टाकल्यावरच ती दिसते. मग पुन्हा यंत्र खोला आणि पुन्हा कानस घ्या.

या नेमकेपणाची चव वर्गाला देता येते. जाड कागदाच्या दोन-दोन सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापा. मशीनचा दोरा काढा, टाका सर्वांत लांब ठेवा आणि एकेक पट्टी सुईखालून चालवा. (सुई जुनी घ्या. कागदाने ती बोथट होते आणि मग घरी बोलणी बसतात.) भोकांची रांग मिळेल. अशा दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरा आणि पहिली भोके जुळवा. पुढची किती भोके आरपार दिसतात? हाताने सावकाश चालवलेली पट्टी आणि जोरात चालवलेली पट्टी यांची तुलना करा. पट्टी हाताने किंचित अडवून धरली तर काय होते, तेही पाहा. कॅमेऱ्यात पट्टीला मागून दाबणारी स्प्रिंग जास्त घट्ट झाली की नेमके हेच होते.

फरक मोजायचा असेल, तर मोबाइलसाठी एक साधे उपांग करता येईल. प्रयोगशाळेतले १० सेंटीमीटर नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग घ्या. दूरच्या झाडाची प्रतिमा भिंतीवर पाडून ते अंतर आधी तपासून घ्या. पुठ्ठ्याची १० सेंटीमीटर लांब नळी करून तिच्या एका तोंडाशी भिंग बसवा, आतून काळा कागद लावा आणि भिंगाच्या बाजूने मोबाइल टेकवा. काळा कागद विसरू नका, नाहीतर नळीच्या भिंतींवरून परतलेला उजेड चित्र फिके करतो. पट्टी नाभीपाशी असल्याने तिच्यावरच्या प्रत्येक बिंदूपासूनचे किरण भिंगातून समांतर बाहेर पडतात. मोबाइलला ती फार दूरची वस्तू वाटते आणि तो इतक्या जवळचे चित्र स्पष्ट घेतो. पट्टी काचेच्या खिडकीवर चिकटवा, शेजारी मिलिमीटरची मोजपट्टी लावा आणि नळीचे मोकळे तोंड तिच्यावर टेकवा. फोटो मोठा करून लागोपाठच्या भोकांमधली अंतरे लिहून काढा.

सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंतरातला फरक काढा, त्याला २५० ने गुणा आणि येणारी लांबी फळ्यावर खडूने आखून दाखवा.