सूक्ष्मदर्शक अनेक, मोजमाप एक

शाळेच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक आपल्या परिचयाचा आहे. आरशाने उजेड घ्यायचा, काचपट्टी ठेवायची, नेत्रिकेला डोळा लावायचा आणि दिसेल त्याची आकृती वहीत काढायची. संशोधन संस्थांतल्या आजच्या सूक्ष्मदर्शकापाशी मात्र नेत्रिकेतून पाहण्याचा प्रसंग थोडाच येतो. संशोधक संगणकाच्या पडद्यासमोर बसतो. वस्तुभिंग बदलणे, लेसरचा प्रकाश कमीजास्त करणे, काचपट्टी सरकवणे, चित्र घेऊन साठवणे ही सारी कामे सॉफ्टवेअरमार्फत होतात.

असे एकेक यंत्र कोटीच्या घरात जाते. प्रत्येक संशोधकाला ते स्वतंत्रपणे घेणे परवडत नाही. म्हणून संस्था एक सामायिक केंद्र उभारते. पुण्यातील आयसर, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, बंगळुरूची एनसीबीएस अशा संस्थांमध्ये सूक्ष्मदर्शकांची अशी सामायिक सोय आहे. तिथे वेळ नोंदवायची, आपला नमुना घेऊन जायचे आणि काम करायचे.

अशा केंद्रांतली यंत्रे सहसा एका वेळी घेतलेली नसतात. जसा निधी मिळाला तशी ती येत गेलेली असतात, आणि निरनिराळ्या कंपन्यांची असतात. झाइसच्या यंत्राबरोबर 'झेन' हे सॉफ्टवेअर येते, लायकाबरोबर 'लास एक्स', तर निकॉनबरोबर 'एनआयएस-एलिमेंट्स'. प्रत्येकाची बटणे वेगळी, शब्द वेगळे, फाइल साठवण्याची पद्धतही वेगळी. नवख्या विद्यार्थ्याला प्रत्येक यंत्र नव्याने शिकावे लागते, ही अडचण तर आहेच. पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे.

समजा, एका औषधाने पेशीतले एक प्रथिन वाढते का, हे पाहायचे आहे. त्या प्रथिनाला हिरवा प्रकाश देणारे रसायन जोडले आहे. औषध दिलेल्या पेशींचे चित्र सोमवारी एका सूक्ष्मदर्शकावर घेतले. गुरुवारी ते यंत्र मोकळे नव्हते, म्हणून औषध न दिलेल्या पेशींचे चित्र दुसऱ्या यंत्रावर घेतले. पहिले चित्र दुप्पट उजळ आले. हा फरक औषधाचा की यंत्राचा? याचे उत्तर देता आले नाही, तर सारा प्रयोग वाया जातो. उत्तर चुकीचे दिले तर त्याहून वाईट, कारण पुढचे लोक त्यावर विसंबून राहतात.

चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता

पडद्यावर दिसणारे चित्र हे मुळात आकड्यांचा तक्ता असते. तक्त्यातल्या एका घराला पिक्सेल म्हणतात. त्या घरातला आकडा तिथे किती प्रकाश पडला ते सांगतो. हे आकडे तीन ठिकाणी फसवू शकतात.

पहिले ठिकाण लांबीचे. कॅमेऱ्यातला एक पिक्सेल 6.5 मायक्रोमीटरचा आहे असे धरू. 100 पटींचे वस्तुभिंग लावले, की एक पिक्सेल नमुन्यावरच्या 6.5 भागिले 100, म्हणजे 0.065 मायक्रोमीटर जागेचा होतो. 40 पटींच्या भिंगाला हीच जागा 0.1625 मायक्रोमीटर होते. आता कोणी हाताने 100 पटींचे भिंग फिरवून बसवले, पण सॉफ्टवेअरमध्ये 40 ची नोंद तशीच राहिली, तर काय होईल? 2 मायक्रोमीटर लांबीचा जीवाणू सुमारे 31 पिक्सेल व्यापतो. सॉफ्टवेअर 31 ला 0.1625 ने गुणते आणि त्याची लांबी 5 मायक्रोमीटर सांगते. लांबीत अडीच पट, क्षेत्रफळात सव्वासहा पट, तर आकारमानात पंधरा पटींहून अधिक चूक होते. चित्र मात्र अगदी सुबक दिसत असते.

दुसरे ठिकाण उजळपणाच्या मापपट्टीचे. एखादे यंत्र काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा 0 ते 255 अशा मोजते, तर दुसरे 0 ते 4095 अशा मोजते. पहिल्यावरचा 125 आणि दुसऱ्यावरचा 2000 हे दोन्ही आपापल्या पट्टीच्या साधारण मध्यावर येतात. पट्टी न पाहता नुसते आकडे ताडून पाहणे म्हणजे 50 पैकी मिळालेले गुण 800 पैकी मिळालेल्या गुणांशी ताडण्यासारखे आहे.

तिसरे ठिकाण शून्याचे. पुष्कळ कॅमेरे पूर्ण अंधारातही शून्य दाखवत नाहीत. 100 च्या आसपासचा एक आकडा दाखवतात. दोन पेशींचे आकडे 300 आणि 500 आले, तर दुसरी पेशी 1.67 पट उजळ वाटेल. अंधाराचे 100 वजा केले, की 200 आणि 400 उरतात. दुसरी पेशी प्रत्यक्षात दुप्पट उजळ आहे. तराजूच्या रिकाम्या पारड्याचा धडा आपण मुलांना देतो, तोच इथे लागू पडतो.

समान भाषेची गरज

वस्तुभिंग, मापपट्टी, अंधाराचा आकडा या साऱ्या गोष्टी चित्राबरोबर नोंदवल्या गेल्या, तरच पुढे हिशेब लावता येतो. ही नोंद सॉफ्टवेअर करते. पण केंद्रातल्या चार यंत्रांवर एकाच हिरव्या प्रकाशाला 'हिरवा', 'जीएफपी', 'एफआयटीसी' आणि '488' अशी चार नावे दिलेली असतील, तर सहा महिन्यांनी त्या फाइली पाहणाऱ्याने काय समजावे? म्हणून नावे, एकके आणि साठवण्याची पद्धत सर्व यंत्रांवर शक्य तितकी सारखी ठेवावी लागते.

रुग्णालयांनी हा प्रश्न आधी सोडवला. सीटी स्कॅन व एमआरआय यंत्रांच्या चित्रांसाठी अमेरिकेत 1985 साली एक समान पद्धत ठरली. 1993 मध्ये तिलाच 'डायकॉम' या नावाने नवे रूप मिळाले. त्यामुळे एका शहरात काढलेला स्कॅन दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरला, यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, वाचता येतो.

सूक्ष्मदर्शकांच्या क्षेत्रात दोन मार्गांनी प्रयत्न झाले. पहिला मार्ग म्हणजे अनेक कंपन्यांची यंत्रे चालवणारे एकच सॉफ्टवेअर. 2005 साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉन व्हेल यांच्या प्रयोगशाळेत 'मायक्रो-मॅनेजर'चे काम सुरू झाले. ते विनामूल्य मिळते आणि निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे, झडपा व मोटारी चालवते. मात्र कंपनीने आपल्या यंत्राशी संवाद साधण्याची रीत खुली केलेली नसेल, तर तिथे ते चालत नाही. दुसरा मार्ग म्हणजे यंत्रे आपापल्या सॉफ्टवेअरवर चालू द्यायची, पण फाइली एका पद्धतीत आणायच्या. 'बायो-फॉरमॅट्स' हे साधन दीडशेहून अधिक प्रकारच्या फाइली वाचते आणि त्यांतली नोंदही शक्य तितकी जपते. वेन रासबँड यांनी तयार केलेल्या 'इमेजजे' या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये त्याचा उपयोग करता येतो.

सारखे नाव, वेगळे मूल्य

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. दोन यंत्रांवर एकच सॉफ्टवेअर बसवले आणि दोन्हीवर लेसर '10 टक्के' ठेवला, तरी नमुन्यावर पडणारा प्रकाश सारखा असेलच असे नाही. हे 10 टक्के त्या त्या लेसरच्या पूर्ण शक्तीचे असतात. एकाची शक्ती जास्त, दुसऱ्याची कमी. शिवाय वापराबरोबर लेसर क्षीण होत जातो. सॉफ्टवेअर काय मागितले ते सांगते. काय मिळाले ते मोजावेच लागते.

त्यामुळे चांगल्या केंद्रांत काही शिस्त पाळली जाते. वस्तुभिंगातून बाहेर पडणारा प्रकाश शक्तिमापकाने ठरावीक काळाने मोजतात. ठरावीक आकाराचे चमकणारे सूक्ष्म मणी सर्व यंत्रांवर पाहतात. काचेवर कोरलेल्या सूक्ष्म पट्टीने लांबी पडताळतात. एखादा प्रयोग चालू असताना सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलत नाहीत, आणि बदललीच तर तारखेसह नोंद करून पुन्हा पडताळणी करतात. सामायिक केंद्रात हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण एकाने बदललेली जुळणी नकळत दुसऱ्याच्या वाट्याला येते. या शिस्तीला आंतरराष्ट्रीय पातळीवरही आकार येत आहे. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकांसाठी 2019 मध्ये आयएसओचे मानक निघाले. 2020 मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी 'क्वारेप-लिमी' हा गट स्थापन केला.

आपल्या सोमवार-गुरुवारच्या प्रयोगाला यातून उत्तर मिळते. शक्यतो दोन्ही नमुने एकाच यंत्रावर, एकाच जुळणीने पाहावेत. ते जमले नाही, तर एक समान नमुना दोन्ही यंत्रांवर पाहावा आणि त्याच्या आधाराने तुलना करावी.

वर्गात करून पाहा

हे तत्त्व समजायला महागडे यंत्र लागत नाही. कांद्याच्या पापुद्र्याची एकच काचपट्टी दोन सूक्ष्मदर्शकांवर आळीपाळीने ठेवा. दृश्यक्षेत्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबीच्या दिशेने किती पेशी मावतात, ते दोन गटांना मोजायला सांगा. नेत्रिका वेगळ्या असतील, तर आकडे जुळणार नाहीत. मग सर्वांत कमी शक्तीच्या वस्तुभिंगाखाली पारदर्शक मोजपट्टी ठेवून दृश्यक्षेत्राचा व्यास मिलिमीटरमध्ये काढा. 4 पटींच्या भिंगाला तो 4.5 मिलिमीटर आला, तर 10 पटींच्या भिंगाला 1.8 मिलिमीटर असेल. या व्यासाला पेशींच्या संख्येने भागले, की एका पेशीची सरासरी लांबी मिळते. आता दोन्ही गटांची उत्तरे जवळ येतील.

दुसरा प्रयोग मोबाइलचा. आधी पांढऱ्या आणि मग काळ्या कागदाने कॅमेऱ्याची पूर्ण चौकट भरून छायाचित्रे घ्या. दोन्ही बरीचशी करडी दिसतील, कारण कॅमेरा प्रकाशाची जुळणी आपणहून बदलतो. मग जुळणी कायम ठेवून पुन्हा छायाचित्रे घ्या. फरक दिसला, की मुलांना एकच प्रश्न विचारा: पहिल्या दोन चित्रांवरून कोणता कागद जास्त पांढरा, हे सांगता आले असते का?