खेचरांच्या वाटेने एजियनकडे

ग्रीसमधल्या व्होलोस शहराच्या पाठीशी पेलिओन डोंगर उभा आहे. उंची 1,624 मीटर. पुराणकथांत हे अर्धे माणूस, अर्धे घोडे अशा सेंटॉरांचे रान. अकिलीसचा गुरू खायरॉन इथलाच. हल्ली बहुतेक प्रवासी पूर्वेकडच्या, एजियन समुद्राच्या किनाऱ्यांसाठी येतात. गाडीने थेट मिलोपोतामोसला उतरायचे, पांढऱ्या गोट्यांवर पडायचे, आरपार भोक असलेल्या खडकातून पलीकडच्या चिंचोळ्या किनाऱ्यावर जायचे आणि परतताना वरच्या गावात कॉफी प्यायची. मला हा क्रम उलटा वाटतो. इथला किनारा गावाचा आहे, आणि गावातून पायी उतरल्याशिवाय तो कळत नाही.

पूर्वी चाच्यांच्या भीतीने माणसे किनारा सोडून वर डोंगरात राहिली. वर झरेही होते, आणि चेस्टनटची दाट सावली. पण पोट समुद्रावर होते. म्हणून वरचे गाव आणि खालचे बंदर अशा जोड्या जमल्या: मुरेसीचे दामूहारी, झागोराचे होरेफ्तो.

झागोरा पाहिल्याशिवाय या डोंगराची श्रीमंती लक्षात येत नाही. अठराव्या शतकात इथले रेशीम आणि जाड लोकरी कापड जहाजांतून दूरवर जाई. गावचा योआनिस प्रिंगोस ॲम्स्टरडॅममध्ये व्यापारी झाला आणि 1762 मध्ये त्याने गावाला पुस्तके धाडली. त्यातून उभे राहिलेले ग्रंथालय आजही आहे. ऑटोमन साम्राज्याविरुद्ध ग्रीकांना जागे करणारा रिगास फेरेओस याच गावात शिकला, असे मानतात. पैसा, जहाज आणि पुस्तक एकाच वाटेने डोंगर चढले, हे मला फार मोठे वाटते. पुढे रेशमाचा धंदा बसला आणि सफरचंद आले. 1916 मध्ये शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातल्या वाचकाला याचे मोल सांगायला नको. आजही झागोराचे घर सफरचंदावर चालते.

आता गावातून किनाऱ्याकडे उतरणारी ती वाट. ग्रीक लोक तिला कल्देरिमी म्हणतात. कोकणातला माणूस बघताक्षणी पाखाडी म्हणेल. त्सागाराडा गावाहून दामूहारीकडे उतरताना वाकून बघावी. दगड सपाट मांडलेले आहेत, पण दर काही पावलांवर दगडांची एक आडवी ओळ उभी रोवलेली. तिथे लादलेल्या खेचराचा खूर अडतो, आणि पावसाचे पाणी वाटेवरून सरळ न धावता बाजूला वळते. कुठेही चुना नाही, सिमेंट नाही. ओझे पेलणारी ही बांधणी ज्यांनी केली त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. शेवटच्या उतारावर वाट नागमोडी होते, ऑलिव्हच्या फटींतून निळे पाणी दिसू लागते आणि खाली जुन्या किल्ल्याच्या भिंतींशेजारी इवलेसे बंदर येते. ‘मामा मिया’ या 2008 च्या सिनेमाचे काही चित्रीकरण इथेच झाले.

डोंगराच्या पश्चिमेकडचे मिलिएस हे गाव वेगळ्या, मोठ्या लेखाचा विषय आहे. ऑटोमन साम्राज्याविरुद्धच्या 1821 च्या उठावाचा झेंडा या भागात तिथे उभारला गेला. एके काळी व्होलोसहून तिथवर जाणारी, फक्त 60 सेंटिमीटर रुंदीच्या रुळांची आगगाडी चित्रकार जॉर्जिओ द किरिको याच्या वडिलांनी, अभियंता एव्हारिस्तो यांनी बांधली. ती 1903 मध्ये मिलिएसला पोचली.

सप्टेंबर 2023 मध्ये ‘डॅनियल’ वादळाने हा डोंगर झोडपला. झागोरात एका दिवसाच्या आत 754 मिलिमीटर पाऊस झाला. 2005 च्या 26 जुलैची मुंबई आठवावी: सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता. पेलिओनवर कडे कोसळले, पूल गेले, रस्ते खचले. अशा डोंगरावर पाणी वळवणाऱ्या जुन्या वाटा सांभाळणे ही हौस नाही, गरज आहे. तरी अनेक कल्देरिमी झुडपांत गडप झाल्या, काहींवर डांबर पडले. दक्षिण पेलिओनमध्ये स्थानिक आणि तिथे स्थायिक झालेले परदेशी स्वयंसेवक कोयता-करवत घेऊन त्या साफ करतात. सरकारी पैसा खरे तर इथे आधी यायला हवा.

जायचे तर मे महिन्यात किंवा सप्टेंबरअखेर. ऑगस्टमध्ये किनाऱ्यांवर गर्दी असते आणि चढ अंगावर येतो. पूर्वेकडचा समुद्र खुला आहे, वारा असला की लाटा मोठ्या येतात; पोहण्याआधी गावात विचारून घ्यावे. बूट जाड तळव्याचे हवेत, कारण ओल्या दगडांवर पाय सटकतो. आणि उतरल्यावर परत चढायचे बळ राखून ठेवावे. ते नसेल तर वर नेणारी गाडी निघण्याआधीच ठरवून घ्यावी.