तुरुंगात बोललेले पुस्तक

पुस्तके माणूस घडवतात, असे आपण सहज म्हणतो. पण सगळीच पुस्तके हे काम करीत नाहीत. काही माहिती देतात, काही करमणूक करतात. मोजकीच पुस्तके अशी असतात, की ती मिटल्यावर आपण स्वतःकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो. हे कसे घडते, ते विनोबांच्या ‘गीता प्रवचने’ या पुस्तकावरून चांगले समजते.

हे पुस्तक मुळात लिहिलेले नाही, ते बोललेले आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेचा एक अध्याय, अशी अठरा प्रवचने त्यांनी सोबतच्या कैद्यांपुढे केली. साने गुरुजी तिथेच होते; त्यांनी ती टिपून घेतली, म्हणून आज ती आपल्या हाती आहेत. समोर माणसे बसलेली असल्यामुळे बोलणे साधे आणि उदाहरणे रोजच्या जगण्यातली.

पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाची गोष्ट येते. त्याने अनेकांना फाशी सुनावलेली. पण स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून उभा राहताच फाशीची शिक्षा किती अमानुष आहे, हे त्याला सुचू लागते. अर्जुनाचा मोह तो हाच. तत्त्वज्ञान खरे असेलही, पण ते आत्ताच का सुचले? हा प्रश्न वाचणाऱ्याला आपल्या घरापर्यंत, आपल्या जातीपर्यंत आणि जमातीपर्यंत आणून सोडतो.

यामागे आणखी एक गोष्ट आहे. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नसे. आपल्याला समजेल अशी मराठी गीता तिला हवी होती. ती १९१८ साली गेली. पुढे १९३०-३१मध्ये विनोबांनी ‘गीताई’ रचली.

हे वाचताना मला माझी अम्मी आठवते. ती रोज पहाटे कुराण वाची. अरबी अक्षरे तिला लावता येत. अर्थ मात्र मौलवी सांगतील तेवढाच. दोन घरांतल्या, दोन धर्मांतल्या या आयांची अडचण एकच होती. बी.ए.ला असताना मी ‘गीता प्रवचने’ वाचले, तेव्हा काहींना वाटले, पोरगा हातचा गेला. झाले उलटेच. आपला ग्रंथही अर्थासह वाचावा, ही ओढ मला त्या पुस्तकाने लावली आणि मी कुराणाचा मराठी अनुवाद शोधून वाचला. नमाजातले शब्द त्यानंतर माझ्याशी बोलू लागले.

विनोबांनीही तेच केले होते. अरबी शिकून त्यांनी कुराण मुळातून अभ्यासले आणि निवडक वचनांचे ‘कुराण-सार’ सिद्ध केले. शेजाऱ्याचा ग्रंथ त्यांनी खोड काढण्यासाठी उघडला नाही, त्यातले घेण्याजोगे शोधण्यासाठी उघडला.

दुसऱ्याच्या ग्रंथाने श्रद्धा डळमळेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. माझा अनुभव असा, की न समजलेली श्रद्धाच लवकर डळमळते आणि लवकर भडकतेही. म्हणून घरात दोन पुस्तके असावीत : आपला ग्रंथ आपल्या भाषेत आणि शेजाऱ्याचा एखादा ग्रंथ. एका बैठकीत संपवण्याची घाई नको. धुळ्यात एका रविवारी एकच अध्याय होत असे. आपल्यालाही तेवढे पुरे.