डाव्या लेनमध्ये ढमढेरे

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी इंडियानापोलिसला भाच्याकडे होतो. "अमेरिकेत आहेसच तर काहीतरी लिही. फक्त महाराष्ट्र मंडळ नको, आणि आजी-आजोबांचा एकटेपणा तर अजिबात नको." मी हो म्हणून टाकलं. विषय भाच्याच्या गॅरेजातच उभा होता. एक जुनी मस्टँग, बॉनेट उघडं, भाच्याचे हात कोपरापर्यंत काळे.

"मामा, शनिवारी पळवायला नेतोय. येणार?"

ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ रस्ता, शेजारी-शेजारी दोन गाड्या, अंतर पाव मैल. वळण नाही, फेऱ्या नाहीत, मागून गाठणं-बिठणं नाही. मला पहिल्याच मिनिटाला आमच्या खेड तालुक्यातला बैलगाडा शर्यतीचा घाट आठवला. बैलगाड्यालाही वळण नसतं. बारी सुटली की घड्याळ चालू, आणि दहा-बारा सेकंदांत काय तो निकाल. मग सगळी जत्रा कान लावते ती भोंग्याकडे, कारण किती सेकंद लागले हे तिथून कळायचं असतं. २०१४ साली शर्यतींवर बंदी आली ती डिसेंबर २०२१मध्ये उठली. मधल्या वर्षांत मला बैलांपेक्षा त्या भोंग्यातल्या माणसाची जास्त आठवण यायची, हे गावात बोलायची सोय नव्हती. त्यामुळे इंडियानातल्या त्या आडवळणाच्या ट्रॅकवर, मक्याच्या शेतांमध्ये, स्पीकर खरखरला तेव्हा मी गाड्या बघायच्या सोडून आवाज कुठून येतोय ते शोधायला लागलो.

आवाज टॉवरमधून येत होता. नाव टॉवर, प्रत्यक्षात सुरुवातीच्या रेषेमागे दुसऱ्या मजल्यावरची पत्र्याची खोली, तीन बाजूंना काच. आत तिघं. एकजण टायमिंगच्या कॉम्प्युटरवर, एक बाई वॉकीटॉकीवर, आणि मधे माइकसमोर साठी उलटलेले एक गृहस्थ. सोमवार ते शुक्रवार ते शाळेची बस चालवतात. त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं: "नाव ड्रायव्हरांचं घ्यायचं असतं." मी भारतातून आलोय आणि निवेदकावर लिहायचंय म्हटल्यावर त्यांनी हसून एक स्टूल पुढे सरकवलं.

माइकशेजारी बुटांचं खोकं होतं. त्यात पत्त्यांएवढी कार्डं, दर ड्रायव्हरमागे एक. नाव, गाडी, गाव, पोटापाण्याचा धंदा, इंजिन कोणी बांधलं, गेल्या खेपेला काय वेळ लागली. आणि कार्डाच्या डोक्यावर, लाल शाईत, आडनाव घरी कसं म्हणतात ते. फॉर्मवर आडनाव कसं लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. भाच्याचं कार्ड नवं होतं. त्यांनी मला विचारलं, "हे कसं म्हणायचं?"

"ढमढेरे."

"डॅमडेरी."

"ढ. ढम."

त्यांनी तीनदा जीभ टाळूला लावून पाहिली, कार्डावर तुकडे पाडून लिहिलं, पुन्हा म्हणून दाखवलं. ढ काही जमला नाही, पण बाकी सगळं जागेवर आलं. "दहा हजार रुपयांचे टायर जाळायला माणूस इथे येतो," अशा अर्थाचं ते काहीसं म्हणाले (रुपये माझे, डॉलर त्यांचे), "आणि त्याचं नाव मी चुकवलं तर त्याची आई मला सोडणार नाही. ती खाली बसलेली असते."

त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे माझं लक्ष गेलं. माइकच्या बैठकीला एक बटण, ते दाबलं तरच आवाज बाहेर जातो. गाड्या टायर गरम करायला धूर काढतात, तेव्हा अंगठा खाली. गाड्या इंचाइंचाने पुढे सरकतात, तेव्हा अंगठा खाली, पण वाक्यं आखूड होत जातात. दिवे लागण्याच्या क्षणाला अंगठा वर. गाड्या सुटून पलीकडे जाईपर्यंत ते एक अक्षर बोलत नाहीत. मग अंगठा पुन्हा खाली, आणि आकडे.

जिथे सगळी गंमत आहे तिथेच गप्प बसायचं, असा हा पेशा आहे. कारण साधं आहे, कोणाला ऐकूच जाणार नाही. हे मला नीट पटलं ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत, इंडियानापोलिसजवळच्या यू.एस. नॅशनल्सला गेलो तेव्हा. ही शर्यत इथे १९६१पासून होते. इथल्या टॉप फ्युएल वर्गातल्या गाड्या पेट्रोलवर नाही, जवळजवळ ९० टक्के नायट्रोमिथेनवर पळतात. एका खेपेत धूर काढण्यापासून शेवटापर्यंत पन्नासेक लिटर इंधन जातं. इंजिनाची ताकद ११,००० अश्वशक्तीच्या घरात आणि पळ पावणेचार सेकंदांचा, त्याच्याही आत. शेवटच्या टोकाला वेग ताशी ५३० किलोमीटर. दोन गाड्या सुटल्या आणि आवाज कानांऐवजी बरगड्यांत शिरला. डोळ्यांतून पाणी, घशात जळजळ. भाच्याने काहीतरी सांगितलं ते मला त्याच्या ओठांच्या हालचालीवरूनही कळलं नाही. आणि मग अचानक शांतता, नि त्या शांततेत स्पीकरमधून एक स्वच्छ आवाज: कोण जिंकलं, किती सेकंदांत, किती वेगाने.

आणि का जिंकलं. निवेदकाची खरी कमाई या "का"मध्ये आहे, कारण ड्रॅग रेसिंगमध्ये फलकावरचा आकडा दिशाभूल करतो. सुरुवातीच्या रेषेवर एक खांब असतो, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. १९६३ साली तो आला, त्याआधी माणूस झेंडा दाखवायचा. खांबावर वरचे लहान दिवे गाडी बरोबर जागेवर उभी आहे का ते सांगतात. खाली तीन पिवळे, मग हिरवा, घाई केली तर लाल. मोठ्या शर्यतींत तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. ड्रायव्हरने त्यावर हलायला जेवढा वेळ घेतला तो वेगळा मोजतात. गाडीचं घड्याळ मात्र गाडी जागची हलल्यावरच सुरू होतं. म्हणजे तुम्ही हिरव्या दिव्यावर जांभई देत बसलात तरी गाडीची वेळ उत्तम लागू शकते, आणि तुम्ही हरू शकता.

समजा, डावीकडच्याने दिव्यावर ०.०३५ घेतले आणि गाडी ३.७४२ला पळाली. उजवीकडच्याने ०.०९२ घेतले, गाडी पळाली ३.७११ला. फलकावर उजवी गाडी जास्त वेगवान. पण बेरीज करा: डावीकडे ३.७७७, उजवीकडे ३.८०३. जिंकली डावी, ०.०२६ सेकंदाने, आणि त्या वेगाला एवढ्या वेळात गाडी बाराएक फूट जाते. याला ते होलशॉट म्हणतात. स्टँडमधली पोरं "हे कसं काय?" म्हणून एकमेकांकडे बघत असताना निवेदकाला ती बेरीज तोंडी करून, दोन श्वासांत, नाट्यासकट सांगायची असते. टॉवरमधल्या काकांना (मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणायला लागलो होतो) मी विचारलं, कागदावर करता का? ते म्हणाले, "मी आधी दिव्यावरचे आकडे बघतो. तिथेच निकाल कळतो, बाकीचं नुसतं सिद्ध व्हायचं असतं."

गावच्या ट्रॅकवर हे गणित आणखी तिरपागडं. तिथे मस्टँगसमोर पिकअप ट्रकही उभा राहतो. प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत पळेल ते आधी जाहीर करायचं, खिडकीच्या काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशने लिहायचं, आणि हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडायचं. लिहिलं त्याहून वेगात पळालात तर बाद! म्हणजे शेवटच्या शंभर फुटांत ब्रेक मारणारा माणूस हुशार ठरतो. नवख्या प्रेक्षकाला हे फक्त टॉवरच समजावू शकतो, आणि तेही शनिवारच्या एका रात्रीत पन्नास वेळा, दर वेळी पहिल्यांदाच सांगतोय अशा उत्साहाने.

अधिकृत इतिहास सांगायचा तर, ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ साली एनएचआरए ही संघटना काढली. रस्त्यावरच्या चोरट्या शर्यतींना मैदानावर आणणं हा त्यांचा हेतू. (संपादकाने एवढं केलेलं ऐकून आमच्या संपादकांना बरं वाटेल.) त्याबरोबर माइकवरची माणसंही आली. साठच्या दशकात मिशिगनकडे जॉन लुंडबर्ग गाजले, त्यांना लोक ‘थंडरलंग्ज’ म्हणत. डेव्ह मॅक्लेलंड, म्हणजे ‘बिग मॅक’, यांचा खोल आवाज कित्येक दशकं हाच या खेळाचा आवाज होता. २०२२ साली ते गेले. बॉब फ्रे आकड्यांसाठी प्रसिद्ध, कोणत्या साली कोणत्या फेरीत कोण कोणाला हरलं हे बोलता बोलता सांगणारे. आणि रेडिओच्या जाहिरातीतली ती "संडे! संडे! संडे!" आरोळी, जिची नक्कल अमेरिकेत शेंबडं पोरही करतं, तिचं श्रेय बहुतेक जण शिकागोच्या जॅन गॅब्रिएल यांना देतात. मला स्वतःला फ्रे यांच्या जातीची माणसं आवडतात. आरोळी ठोकायला फुप्फुसं पुरतात, पण दोन खेपांमधली शांतता भरायला काहीतरी माहीत असावं लागतं.

ती शांतता पुष्कळ असते. इंजिन फुटून रस्त्यावर तेल सांडलं की शर्यत थांबते. माणसं शोषणारी पूड टाकतात, घासतात, पुन्हा पकडीचं चिकट द्रावण फवारतात. मोठ्या शर्यतीत तेल सांडणाऱ्या संघाला दंड होतो. निवेदकाला मात्र तेवढा वेळ बोलायचं असतं, आणि झाडू मारणाऱ्या माणसांवर किती बोलणार? पाऊस त्याहून वाईट. ओल्या ट्रॅकवर या गाड्या सुटूच शकत नाहीत. १९५५ची पहिलीच राष्ट्रीय शर्यत कॅन्ससमध्ये पावसाने अर्धी राहिली आणि नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनात जाऊन पुरी करावी लागली.

मी काकांच्या टॉवरमध्ये होतो त्या रात्रीही पाऊस आला. थेंबच, पण पुरे. काकांनी खोक्यातली कार्डं काढली आणि सावकाश, एकेक करून, ज्यांची पाळी यायची होती त्यांच्याबद्दल बोलायला सुरुवात केली. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणी गिअरबॉक्स तिसऱ्यांदा बदलला. स्टँड रिकामं होत चाललं होतं. ट्रॅकच्या एफएमवरही हाच आवाज जातो, लोक गाडीत काचा लावून ऐकतात, असं त्यांनी बटण सोडून मला सांगितलं. पण आता लोकांना वेळा फोनवर दिसतात, शर्यतीही फोनवर दिसतात. "माझ्याआधी आकडा त्यांच्या हातात असतो," ते म्हणाले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून मलाच जास्त काळजी वाटली.

अपघाताबद्दल मी विचारायला कचरत होतो. त्यांनीच काढलं. गाडी भिंतीला लागली की अंगठा वर, आणि ड्रायव्हर स्वतःच्या पायांवर उभा दिसल्याशिवाय खाली नाही. "तो ठीक आहे" असं वाक्य ते कधीच म्हणत नाहीत. फक्त दिसतं ते सांगतात: गाडी थांबली आहे, मदतीची माणसं पोचली आहेत. फार वर्षांपूर्वी एकदा घाईने "ठीक आहे" म्हणून बसले होते, एवढंच ते बोलले, आणि कार्डं सारखी करत राहिले. २००८च्या जूनमध्ये न्यू जर्सीच्या इंग्लिशटाउनला ड्रायव्हर स्कॉट कॅलिटा अपघातात गेले. त्यानंतर नायट्रोच्या गाड्यांचं अंतर १,३२० फुटांवरून १,००० फूट केलं. तो इंग्लिशटाउनचा ट्रॅकही आता नाही, २०१८च्या सुरुवातीला तिथलं ड्रॅग रेसिंग बंद झालं. ह्यूस्टनचा आणि कोलोरॅडोतला बॅंडिमिअर २०२३ साली गेले. जमिनीचे भाव वाढतात, गावं ट्रॅकपर्यंत येऊन टेकतात आणि मग आलेल्यांनाच आवाजाचा त्रास व्हायला लागतो.

इथेही तसंच. मक्याच्या शेतापलीकडे नव्या घरांचे दिवे दिसत होते. पंचायतीच्या ठरावाप्रमाणे अकरा वाजता इंजिनं बंद. पाऊस थांबून ट्रॅक वाळवेपर्यंत साडेदहा झाले होते. वीस मिनिटं जोड्या भराभर सुटल्या. वॉकीटॉकीवाल्या बाई घड्याळाकडे बोट दाखवत होत्या. अकराला दोन मिनिटं असताना डाव्या लेनमध्ये भाच्याची मस्टँग आली. काकांनी कार्ड उचललं, लाल अक्षरांवर नजर टाकली, बटण दाबलं. "डावी लेन. पुणे, इंडिया. धम-धेरे."

अंगठा वर. मस्टँग सुटली. १३.६१, भाच्याची आजवरची सर्वांत चांगली वेळ, आणि दिव्यावर इतका उशीर की शेजारचा जुना ट्रक आरामात जिंकला. काकांनी बेरीज सांगितली, ट्रकवाल्याचं अभिनंदन केलं, आणि स्टँडमध्ये उरलेल्या सात-आठ माणसांना म्हणाले की राहिलेल्या तीन जोड्या पुढच्या शनिवारी. मग माइकवर फडकं टाकून त्यांनी खोक्याला रबर लावलं.